मनसरचं मँगनीज, मेंदूतलं लोह

नागपूरहून जबलपूर रस्त्याने निघालं की मनसर लागतं. मनसर, कांद्री, बेलडोंगरी या पट्ट्यातून शंभराहून जास्त वर्षं मँगनीज निघतंय. आज ते काढणाऱ्या ‘मॉयल’ कंपनीचं मुख्यालयही नागपुरातच आहे, काटोल रोडला. मूलद्रव्यांच्या तक्त्यात मँगनीज 25 वं, तर लोह 26 वं. पोलाद बनवताना ही दोघं एकत्र येतात, तशीच आपल्या शरीरातही येतात, आणि तिथली त्यांची गाठ जास्त विलक्षण आहे.

आतड्यातून लोह आत घेणारं डीएमटी-1 हे प्रथिन मँगनीजलाही आत घेतं. रक्तातून लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन मँगनीजही वाहतं. दोघांना दार एकच! अंगात लोह कमी पडलं की शरीर ते दार आणखी उघडतं आणि लोहासोबत मँगनीजही जास्त शिरतं. म्हणून खाणीजवळच्या गावात एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन तपासणं मला मेंदूच्याही काळजीचं काम वाटतं.

लोहाशिवाय मेंदूचं चालत नाही. डोपामाइन तयार करणाऱ्या विकराच्या गाभ्यातच लोहाचा अणू असतो. पण हेच लोह मोकळं सुटून हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं तर अतिशय दाहक मूलकं जन्मतात. या अभिक्रियेचं मूळ हेन्री फेंटन यांच्या 1894 च्या निबंधात आहे. ही मूलकं पेशींच्या आवरणातली चरबी जाळतात, आणि मेंदूत तर चरबी भरपूर. लोहामुळे होणाऱ्या अशा पेशीमृत्यूला 2012 मध्ये ‘फेरोप्टोसिस’ हे नाव मिळालं. डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं, तर फुटलेल्या तांबड्या पेशींमधलं लोह पुढचे कित्येक दिवस इजा वाढवत राहू शकतं. कंपवातातही मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागात लोह साठलेलं दिसतं.

मग ते काढून टाकावं? युरोपात नवीन कंपवाताच्या 372 रुग्णांवर डेफेरिप्रोन हे लोह बांधणारं औषध तपासलं गेलं. 2022 मध्ये निष्कर्ष आले: मेंदूतलं लोह घटलं, पण रुग्णांची लक्षणं मात्र वाढली. कंपवातात आधीच कमी पडणारं डोपामाइन बनवायलाच लोह अपुरं पडलं असावं, हे त्याचं एक पटणारं स्पष्टीकरण.

मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर ते मेंदूच्या ग्लोबस पॅलिडस या भागात साठतं. चेहरा गोठल्यासारखा होतो, माणूस चवड्यांवर कोंबड्यासारखा चालू लागतो. 1837 मध्येच ग्लासगोच्या कूपर यांनी खनिज दळणाऱ्या कामगारांत हा आजार नोंदवला होता. चिलीतल्या अशाच खाणकामगारांचा अभ्यास जॉर्ज कोत्झियास यांनी केला. 1967 मध्ये त्यांनीच कंपवातावर, डोपामाइन ज्यापासून बनतं त्या डोपाचे मोठे डोस यशस्वी करून दाखवले, आणि त्यातून आलेली लेव्होडोपा आजही त्या आजारावरचं मुख्य औषध आहे. ती घेणाऱ्याला रक्तवाढीची लोहाची गोळीही चालू असेल, तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. एरवी पोटातच लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं आणि औषध मेंदूपर्यंत कमी पोचतं.