अद्भुताचा पत्ता

पेणच्या गणपती कारखान्यांत हंगामाच्या सुरुवातीलाच एक चर्चा रंगते: यंदा कुठलं रूप चालणार? २०१५ च्या आगेमागे या प्रश्नाला एकच उत्तर होतं, ‘जय मल्हार’. डोक्याला फेटा, कपाळाला भंडारा, हातात खंडा आणि पाठीशी घोडा, अशा खंडोबाच्या थाटातल्या गणेशमूर्तींना घराघरांतून आणि मंडळांतून मागणी होती. झी मराठीवर १८ मे २०१४ ला ‘जय मल्हार’ मालिका सुरू झाली. कोठारे व्हिजनची निर्मिती, खंडोबाच्या भूमिकेत आमच्याच रायगड जिल्ह्यातला, अलिबागचा देवदत्त नागे, म्हाळसा सुरभी हांडे आणि बानू ईशा केसकर. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालिका संपली. तोवर तिच्या नायकाचा फेटा हमरापूर, जोहे, कळव्याच्या कारखान्यांतून गणपतीच्या डोक्यावर जाऊन बसला होता.

मूर्तीचं रूप कसं बदलतं हे जवळून पाहण्यासारखं आहे. साचा सहसा नेहमीचाच राहतो. बदल होतो तो वरच्या कामात, म्हणजे फेट्याच्या पिळात, शेल्याच्या रंगात, हातातल्या शस्त्रात. शेवटी डोळ्यांची आखणी येते. ते काम कारखान्यातला सगळ्यात मुरलेला हात करतो, तेव्हा आजूबाजूची बडबड आपोआप थांबते. पोशाख मालिकेतल्या खंडोबाचा असला तरी डोळे गणपतीचेच राहिले पाहिजेत. पडद्यावरचं रूप घ्यायचं, पण देवाची नजर सोडायची नाही, ही त्या हाताची शिस्त. मालिकांच्या मागे धावणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या प्रवासांना मी हीच शिस्त लावून पाहते आहे.

कारण मालिकेतली जागा प्रत्यक्ष पाहायला जाणं आता मराठी माणसाच्या अंगवळणी पडलं आहे. मालिका अद्भुताची असली, देवांची, भुतांची, ड्रॅगनांची, तर ओढ अधिकच. जे घडणं शक्य नाही ते ज्या अंगणात घडताना आपण पाहिलं, ते अंगण खरं आहे हे कळलं की पाय तिकडे वळतात. प्रश्न एवढाच की तिथे पोहोचल्यावर आपण काय पाहतो.

‘जय मल्हार’ची गोष्ट यात सगळ्यात सोपी. मालिकेतली जेजुरी सेटवर आणि संगणकावर उभी राहिली होती. सेट मोडला की त्याचं मागे काही राहत नाही. पण प्रेक्षक सेट शोधत बसलेच नाहीत, ते थेट जेजुरीला गेले. तिथला गड, दीपमाळा, वरच्या अंगाचं कडेपठार, पायऱ्यांवर सांडलेला भंडारा आणि दसऱ्याला एका हातात पेलून दाखवतात तो जड खंडा हे सगळं मालिकेच्या कितीतरी आधीचं आहे. मालिकेने तिथे नवी जागा निर्माण केली नाही, जुन्या वाटेवर नवी माणसं आणून सोडली. बानूची कथा वाघ्या-मुरळींच्या जागरणात पिढ्यान् पिढ्या गायली जाते. शहरातल्या ज्या मुलांनी जागरण कधी ऐकलं नव्हतं, त्यांना ती टीव्हीवर भेटली.

याच्या आधीचं मोठं उदाहरण उंबरगावचं. डहाणू-तलासरी ओलांडलं की गुजरातच्या वलसाड जिल्ह्यातलं हे गाव लागतं. या सीमाभागात मराठी कानाला परकी नाही. इथल्या वृंदावन स्टुडिओत रामानंद सागर यांनी ‘रामायण’ चित्रित केलं. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारी ती मालिका मराठी घरांना दुहेरी जवळची होती. तिच्यातली कौसल्या म्हणजे जयश्री गडकर आणि दशरथ म्हणजे बाळ धुरी, खऱ्या आयुष्यातले पती-पत्नी. भरत संजय जोग, मंथरा ललिता पवार. लोक टीव्हीला हार घालत, अरुण गोविल दिसले की त्यांच्या पाया पडत. अयोध्या, जनकपूर, लंका हे सगळं एका किनाऱ्यालगतच्या गावात उभं राहिलं होतं. पण उंबरगावचं तीर्थक्षेत्र झालं नाही. प्रेक्षकाच्या मनातली अयोध्या शरयूकाठीच राहिली. जिथे कथेला स्वतःचा पत्ता आहे, तिथे चित्रीकरणाची जागा मागे पडते, आणि मला ते योग्यच वाटतं.

गुंता होतो तो कथेला पत्ता नसतो तेव्हा. मग चित्रीकरणाची जागा हाच कथेचा पत्ता होऊन बसतो. मराठीतलं त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण कुडाळ तालुक्यातल्या आकेरी गावात आहे.

२२ फेब्रुवारी २०१६ ला ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. रात्री साडेदहाची वेळ, पहिल्याच भागात अण्णा नाईकांचा मृत्यू, त्यासाठी गावच्या घरी जमलेलं कुटुंब आणि मग एकामागून एक विपरीत घटना. दिग्दर्शन राजू सावंत यांचं. पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर लेखनातही होते. २०१९ च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं. त्यात कथा मागे गेली आणि अण्णा जिवंत झाले. माधव अभ्यंकर यांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता यांनी ते पर्व गाजवलं. तिसरं २०२१ मध्ये. तिन्ही पर्वांत घर तेच, आकेरीतला वाडा.

या मालिकेने एक गोष्ट फार चांगली केली. मालवणी ऐकली की हसायला तयार व्हायचं, अशी सवय आपल्याला मच्छिंद्र कांबळी यांच्या ‘वस्त्रहरण’ने लावली होती. त्या नाटकाचं मोल मोठंच, पण त्या भाषेत भीती, वासना, दुःख आणि इस्टेटीची भांडणंही बोलता येतात हे उभ्या महाराष्ट्राने रोज रात्री ऐकलं ते इथे. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांतही मालिकेतल्या माईंची मालवणी कळू लागली.

मालिका सुरू होताच सिंधुदुर्गातून विरोधही झाला. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, असं लोक म्हणाले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये होऊन तीनच वर्षं झाली होती, तेव्हा तो आक्षेप हवेतला नव्हता. तरीही मी तो अर्धाच मानते. दक्षिण कोकणात राखणदार, देवचार, वेताळ ही रोजच्या बोलण्यातली नावं आहेत. गावाच्या सीमेवरच्या शक्तीला नारळ ठेवणं हा तिथे भीतीपेक्षा शेजारधर्माचा भाग आहे. दशावतारात गावकरी रात्रभर बसून देव-दानव पाहतात आणि पहाटे उठून कामाला लागतात. अद्भुत कुठे संपतं आणि रोजचं जगणं कुठे सुरू होतं, हे त्या प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. अडचण होते ती बाहेरून गाडी भरून येणाऱ्याची. दशावतार त्याने पाहिलेला नसतो, फक्त अण्णा पाहिलेले असतात.

आकेरी सावंतवाडी-कुडाळ रस्त्यावर आहे. लाल माती, चिऱ्याचे गडगे, माडांच्या मधून दिसणारी कौलं. मालिका पाहिलेल्या माणसाला दिवसाउजेडी ते घर पाहताना पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं. पडद्यावर ते घर बहुतेक रात्रीचं, निळसर उजेडातलं, खालून कॅमेरा लावून उंच केलेलं. प्रत्यक्षात ते उन्हातलं, नीट निगा राखलेलं, कोकणातल्या कुठल्याही खात्यापित्या घरासारखं घर. भीती प्रकाशयोजनेत होती, भिंतींत नव्हती, हे तिथे उभं राहिलं की मुलांनाही समजतं. माझ्या मते या भेटीची खरी कमाई हीच. ज्याला भुतांची भीती घालवायची असेल त्याने मुलाला घेऊन भर दुपारी असं ठिकाण दाखवून आणावं.

पण ते कुणाचं तरी घर आहे. मालिका चालू असताना आणि नंतरही लोक ‘अण्णा नाईकांचा वाडा’ विचारत येत राहिले. फाटकाशी उभं राहून फोटो, आत डोकावणं, ‘शेवंता कुठे?’ म्हणून मोठमोठ्याने हाका. चित्रीकरणाचा करार निर्माता आणि घरमालक यांच्यात होतो, त्यात प्रेक्षक कुठेच नसतो. चित्रीकरण आटोपून सामान ट्रकमध्ये जातं, प्रेक्षक मात्र वर्षानुवर्षं येत राहतो. त्याची सोय, त्याच्या गाड्या, त्याचा कचरा हे सगळं गावाच्या वाट्याला येतं. आणि याच आकेरीत रामेश्वराचं जुनं, दगडी, देखणं मंदिर आहे. वाड्यापाशी फोटो काढून परतणाऱ्या किती जणांच्या गाड्या तिथे थांबतात?

हे एकट्या कोकणाचं दुखणं नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ ते २०१९ अशी आठ पर्वं चालली. उत्तर आयर्लंडमध्ये अँट्रिम परगण्यात बीचच्या झाडांची दुतर्फा रांग असलेला एक गावरस्ता आहे. अठराव्या शतकात स्टुअर्ट घराण्याने आपल्या हवेलीकडे जाणाऱ्या वाटेवर ती झाडं लावली. दुसऱ्या पर्वात तो रस्ता काही क्षणच दिसतो. तेवढ्यावर जगभरातून माणसं लोटली. गाड्यांच्या चाकांखाली मुळं दबू लागली, तेव्हा २०१७ च्या ऑक्टोबरपासून त्या रस्त्यावर वाहनांना बंदी करावी लागली. २०१६ च्या वादळात पडलेल्या झाडांच्या लाकडाचे दहा कोरीव दरवाजे करून ते त्या मुलखातल्या खानावळींत बसवले, प्रवासी एकाच जागी न थांबता पांगावेत म्हणून. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक तर १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मालिकेतली राजधानी म्हणून ते दिसलं आणि आधीच असलेली गर्दी तटबंदीत मावेना. शेवटी एका वेळी दोनच क्रूझ जहाजं आणि चार हजार प्रवासी असा बांध घालावा लागला. युरोपच्या सहलीवर गेलेली मराठी कुटुंबं तिथल्या जेझुइट जिन्यावर उभी राहून फोटो काढतात. त्या जिन्याच्या माथ्यावरचं चर्च बघायला वर जाणारे थोडे.

आता आमच्याकडे येऊ. पनवेल-रोहा मार्गावर पेणच्या अलीकडे आपटा हे छोटं स्टेशन आहे. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा शेवट, धावत्या गाडीतला तो हात, याच फलाटावर चित्रित झाला. देशाने ते पंजाबातलं स्टेशन समजून पाहिलं. कर्जतजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’ची आग्र्याची भव्यता आणि ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेतला दरबार याच जिल्ह्यात उभा राहिला. २ ऑगस्ट २०२३ ला देसाई यांनी तिथेच आयुष्य संपवलं. पुढे राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाने तो स्टुडिओ ताब्यात घेतला.

म्हणजे रायगड जिल्हा पडद्यावर सतत दिसतो, फक्त दुसऱ्याच्या नावाने. आणि त्याची स्वतःची अद्भुतं त्याच्या नावाने फारशी कुणाला ठाऊक नाहीत. रोह्याला दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते आणि पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात. कुठल्या पटकथाकाराला सुचेल हे? रोह्याजवळच्या दाट रानात अवचितगड आहे, पेणच्या डोंगररांगेत सांकशीचा किल्ला, त्याच तालुक्यात गागोदे, जिथे १८९५ मध्ये विनोबांचा जन्म झाला. उद्या इथे कुणी वेताळाची मालिका काढली आणि ती गाजली, तर अवचितगडाच्या वाटेवर एका हंगामात आकेरीसारखी रांग लागेल. त्याआधी तयारी हवी.

चित्रीकरणाच्या परवानगीसाठी राज्यात एक खिडकी योजना आहे. त्याच खिडकीवर आणखी दोन गोष्टी ठरवून घेता येतील. ज्या गावात चित्रीकरण होईल त्या ग्रामपंचायतीला नंतर येणाऱ्या प्रवाशांच्या सोयीसाठी ठरावीक रक्कम मिळावी. आणि चित्रीकरणाच्या ठिकाणी एक पाटी लागावी, तिच्यावर मालिकेचं नाव खाली आणि गावाचं, देवळाचं, गडाचं नाव वर. घर खासगी असेल तर ते खासगी आहे, हेही त्याच पाटीवर स्पष्ट लिहावं.

वाचकांपैकी ज्यांना आकेरीला जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते. १९९३ मध्ये रोहा-वीर हा टप्पा खुला झाला आणि २६ जानेवारी १९९८ पासून पुढची सगळी वाट. पेणला थांबणारी दिवा-सावंतवाडी गाडी तुम्हाला साडेतीनशेच्या वर किलोमीटर दक्षिणेला नेऊन सोडते. सावंतवाडीत मोती तलाव, चितारआळीतली लाकडी खेळणी आणि राजवाड्यात रंगणारे गंजिफाचे पत्ते पाहा. आकेरीत आधी रामेश्वराला जा, मग वाड्याकडे. फाटक बंद असेल तर बाहेरूनच बघा, उघडं असलं तरी विचारूनच आत पाऊल टाका.