विमानतळाची वाढ : खर्च कुणाचा, लाभ कुणाचा?



कारखान्याची गाळपक्षमता वाढवायची म्हटली, की वार्षिक सभेत पहिला प्रश्न येतो : पैसा कुठून आणणार? आमच्या बिलातून टनाला किती कापणार? प्रश्न रास्त आहे. हाच प्रश्न मुंबईच्या विमानतळालाही विचारावा, असे आम्हांस वाटते.

कुणी म्हणेल, "आपल्याला काय त्याचं? आपली साखर जाते बोटीनं." खरे आहे. पण आपल्याच भागातील ताजी भाजी, फुले आणि कोकणचा हापूस सहारहून विमानाने परदेशी जातो. अंधेरी, मरोळ, साकीनाका येथील हॉटेले, मालाची गोदामे आणि टॅक्सीवाले यांची चूल विमानतळावर पेटते. अंधेरीत १९७३ साली सीप्झचे निर्यात क्षेत्र उभे राहिले. विमानतळाचा शेजार त्याला सोयीचाच झाला. २०२४-२५ मध्ये या विमानतळावरून साडेपाच कोटींच्या आसपास प्रवाशांची ये-जा झाली. लाभ आहे, तो नाकारून चालणार नाही.

आता खर्चाची बाजू पाहू. २००६ साली विमानतळ खाजगी भागीदारीत गेला. भागभांडवलात सरकारी प्राधिकरणाकडे २६ टक्के राहिले, आणि उत्पन्नातील ३८.७ टक्के वाटा त्याला देण्याचे ठरले. विस्ताराचा अंदाज एके काळी ९,८०० कोटींचा होता, तो १२ हजार कोटींच्या वर गेला. जानेवारी २०१४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. तूट भरण्यासाठी २००९ पासून प्रवाशांकडून विकास शुल्क घेतले गेले : देशांतर्गत प्रवासाला १०० रुपये, परदेशी प्रवासाला ६०० रुपये. आपल्याकडे याला कपात म्हणतात. फरक एवढाच, की आपल्या कपातीपोटी पावती मिळते आणि सभेत तोंड उघडता येते. तिकिटावर पैसे भरणारा भागीदार होत नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की नियामक प्राधिकरणाने दर ठरविल्याशिवाय अशी वसुली करता येणार नाही.

काही खर्च तर वहीत चढतच नाहीत. विमानतळाच्या सुमारे २ हजार एकर जागेपैकी ३०० एकरांच्या आसपास जागेवर झोपड्या होत्या, कुटुंबे जवळपास ८० हजार. २००७ साली पुनर्वसनाचे काम एका बिल्डरकडे दिले, २०१३ मध्ये तो करार मोडला. माणसे तिथेच राहिली. घाटकोपर, कुर्ला, विलेपार्ले येथे विमानांच्या वाटेखालच्या जुन्या इमारतींना उंचीचे बंधन आहे. मजले वाढत नाहीत, म्हणून पुनर्बांधणी अडते. मिठी नदी धावपट्टीखालून वाहते. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नदीची वाट अरुंद करण्याची किंमत उपनगरांना कळली.

आणि एवढे करून दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. म्हणजे गव्हाण वाढवली, मिल तेवढीच राहिली! गाड्यांची रांग काही हटत नाही.

म्हणून नवी मुंबईचा दुसरा विमानतळ आला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी १,१६० हेक्टर जागा लागली, १० गावे उठली. तेथील जमीनधारकांना २२.५ टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण ठरले. ते आपसूक पदरात पडले नाही. त्यामागे १९८४ च्या जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनापासूनचा लढा आहे, त्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले.

आमचे मत असे : वाढ व्हावी, पण हिशेब आधी मांडावा. अंदाजापेक्षा खर्च वाढला तर तो कुणी सोसायचा, हे करारात लिहावे. ज्याची जमीन वा घर जाते, त्याचा वाटा काम सुरू होण्यापूर्वी हाती द्यावा. आणि पाण्याची वाट बुजवू नये. आपल्या कारखान्याच्या विस्ताराचा ठराव सभेपुढे येईल, तेव्हाही सभासदांनी हेच प्रश्न विचारावेत. उत्तर मिळेपर्यंत हात वर करू नयेत.