उन्हाळ्यांतील घाटउतार आणि मोटारीचे ब्रेक

उंसाचा हंगाम आवरत आला आणि चैत्रांतील जोतिबाची यात्रा जवळ आली, कीं आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरची मोटार घाटाला लागते. कोणी कुटुंबासह वाडी रत्नागिरीचा डोंगर चढतो, कोणी आंबा घाटानें साखरप्याकडे उतरतो, कोणी गगनबावड्यावरून करूळ घाटानें वैभववाडीस, तर कोणी दाजीपूर ओलांडून फोंडा घाटानें कोंकणांत जातो. निघण्यापूर्वीं इंजिनांतील तेल, पाणी व टायर पाहण्याची चाल बहुतेक घरीं पडली आहे. ब्रेकची विचारपूस मात्र ते वाजूं लागल्यावांचून होत नाहीं. म्हणून या विषयासंबंधीं चार उपयुक्त गोष्टी येथें सांगण्याचें योजिलें आहे.

भारलेली बैलगाडी उतारास लागली म्हणजे सारा भार बैलांच्या मानेवर येतो, हें आपणांस ठाऊक आहेच. मोटारींत तो भार ब्रेकवर येतो व त्याची उष्णता होते. ही उष्णता किती, याचा हिशेब सोपा आहे. माणसें व सामान धरून १,५०० किलो वजनाची मोटार ५०० मीटर उभी उंची केवळ ब्रेकच्या बळावर उतरली, तर जी उष्णता उत्पन्न होते तिनें ३० अंशांवरील सुमारें २५ लिटर पाणी उकळीस येईल. हा सर्व ताप चार चाकांतील थोड्याशा लोखंडास सोसावा लागतो. वजन दुप्पट झालें तर ताप दुप्पट होतो. पण वेग दुप्पट झाला तर गाडी थांबविण्यास लागणारा ताप चौपट होतो. ताशीं ६० किलोमीटरवरून थांबणें व ३० वरून थांबणें यांत एवढें अंतर आहे.

आतां कोणी विचारील, कीं मग उन्हाळ्याचा दोष तो कोणता? घाटांत ब्रेकची डिस्क कित्येकदां शेंकडों अंश तापते. त्यापुढें हवेंतील दहापंधरा अंशांची वाढ लहानच होय. खरा धोका आदल्या पावसाळ्यांत पेरलेला असतो. ज्यास आपण ब्रेक ऑईल म्हणतों तें वस्तुतः तेल नव्हे. तो एक द्रव असून हवेंतील ओलावा शोषून घेण्याचा त्याचा गुण आहे. टांकीच्या झांकणांतून व रबरी नळ्यांतून तो थोडाथोडा ओलावा घेतच असतो. गगनबावड्यासारख्या अति पावसाच्या तालुक्यांत चार महिने फिरणाऱ्या गाडीविषयीं तर विशेष सांगावयास नकोच. डॉट ३ जातीचा ताजा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरला म्हणजे ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरूं शकते. डॉट ४ जातींत हेच आंकडे २३० व १५५ असे आहेत. द्रव उकळला कीं नळींत वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, पण वाफ दाबली जाते. त्यामुळें पेडल तळाला जातें आणि गाडी थांबत नाहीं.

दुसरा प्रकार निराळा आहे. पेडल घट्ट लागतें, परंतु पॅड व लायनर अति तापल्यामुळें त्यांची पकड सुटते व जळका वास येतो. दोन्ही प्रकारांचें मूळ एकच, तें म्हणजे उतारभर ब्रेकवर पाय ठेवून बसणें.

उतरतांना नियम असा, कीं जो घाट ज्या गिअरमध्यें चढावा लागेल, त्याच गिअरमध्यें तो उतरावा. व तो गिअर उतार लागण्यापूर्वींच घालावा. मग इंजिनच गाडीस मागें ओढतें. ब्रेक थोडा वेळ पण पुरेसा दाबावा आणि सोडावा, म्हणजे त्यास निवण्यास अवसर मिळतो. इंधन वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें गाडी सोडणें हा घातक हिशेब आहे. नव्या बहुतेक इंजिनांत गिअरमध्यें उतरतांना इंधन जवळजवळ बंदच होतें, तेव्हां बचत कांहींच नाहीं. इंजिन बंद केल्यास तर दोनतीन वेळां दाबल्यावर पेडल जड होतें.

ट्रॅक्टरवाल्यांनीं अधिक जपावें. बहुतेक ट्रॅक्टरांस ब्रेक मागल्या दोन चाकांनाच असतात, आणि मागें जोडलेल्या ट्रॉलीस पुष्कळदां मुळींच नसतात. म्हणजे कित्येक टन उंसाचा रेटा त्या दोन चाकांवर येतो. रस्त्यावर येतांच डावें व उजवें पेडल कडीनें एकत्र जोडावें. एकच दाबलें गेल्यास ट्रॅक्टर आडवा फिरतो व ट्रॉली त्यावर चढते. उतारावर क्लच दाबून धरूं नये.

ब्रेक सुटल्याचें जाणवल्यास घाबरून इंजिन बंद करूं नये. पेडल भराभर दाबावें, एकेक गिअर खालीं आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा व गाडी दरीकडे न नेतां डोंगराच्या कडेस घ्यावी. थांबल्यावर चाकांस दगड लावावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतूं नये. ती वांकते किंवा तडकते. ब्रेक निवाल्यावर वाफेचा पुन्हां द्रव होतो व पेडल पूर्वीसारखें लागतें. तेवढ्यावरून बिघाड गेला असें समजूं नये. गाडी हळू चालवीत जवळच्या मेकॅनिकाकडे न्यावी व द्रव बदलून घ्यावा.

म्हणून फाल्गुनांतच, यात्रेच्या आधीं, ही तपासणी करून घ्यावी. द्रव बदलून दोन वर्षें झालीं असतील, किंवा गाडीच्या पुस्तकांत सांगितलेली मुदत संपली असेल, तर तो पूर्ण बदलावा. वरून भर घालणें पुरेसें नाहीं. पुस्तकांत सांगितलेल्या जातीचा, शिक्का न फुटलेला लहान डबा घ्यावा. उघडा ठेवलेला जुना डबा ओलावा पिऊन निकामी झालेला असतो. इंजिनाचें तेल त्यांत कदापि घालूं नये, कारण त्यानें रबर फुगतें. पॅड व लायनर किती उरले, नळ्यांस चिरा आहेत काय, कोणतें चाक अडकून तापतें काय, हें आपल्यासमक्ष पाहून घ्यावें. या कामास अर्धा दिवस पुरतो व खर्चहि एका टायरच्या किमतीपेक्षां पुष्कळच कमी येतो. उतारावर आपल्या गाडींत आपलीं मुलेंबाळें असतात आणि पुढच्या वळणावर दुसऱ्याचीं असतात, हें ध्यानांत घेऊन शेतकरी बंधूंनीं हा अर्धा दिवस अवश्य काढावा.