सल्ला कोणाच्या हिताचा?

वैयक्तिक आर्थिक सल्लागार म्हणजे कुटुंबाचे उत्पन्न, खर्च, कर्जे, विमा आणि पुढील गरजा यांचा एकत्रित विचार करून बचतीची व गुंतवणुकीची आखणी करून देणारा व्यावसायिक होय. नागपुरात त्याची गरज निवृत्तीच्या टप्प्यावर विशेष जाणवते. कारण शासकीय कार्यालये, रेल्वे, वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉइल अशा आस्थापनांतील कर्मचाऱ्यांच्या हाती उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, आणि भविष्य निर्वाह निधी यांची आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठी रक्कम त्या वेळी एकदमच येते, आणि महागाई दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत राहिल्यास तिची क्रयशक्ती सुमारे १२ वर्षांत निम्म्यावर येते.

अशा रकमेविषयीचा सल्ला पारखताना सल्ला देणाऱ्याला मोबदला कोण देतो, हे आधी पाहिले पाहिजे. म्युच्युअल फंड वितरकाला फंड कंपनीकडून कमिशन मिळते आणि त्याचा भार अखेर गुंतवणूकदाराच्या परताव्यावरच पडतो. हा व्यवसाय कायदेशीर आणि उपयुक्त असला, तरी सेबीच्या, म्हणजे भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाच्या, २०१३ च्या विनियमांखाली नोंदणी झालेल्या गुंतवणूक सल्लागाराची भूमिका त्याहून वेगळी आहे. तो सल्ल्याबद्दल अशिलाकडूनच शुल्क घेतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याला एकाच अशिलाला सल्ला व वितरण या दोन्ही सेवा देता येत नाहीत. अशिलाची जोखीम पेलण्याची क्षमता तपासणे, लेखी करार करणे आणि दिलेल्या सल्ल्याची नोंद जपणे ही त्याची बंधनकारक कर्तव्ये आहेत.

या नियमांचे मोल नागपूरकरांना वेगळे सांगावे लागू नये. मोठ्या परताव्याच्या आश्वासनावर ठेवी स्वीकारून त्या परत न केल्याच्या तक्रारींवरून वासनकर वेल्थ मॅनेजमेंट या शहरातील कंपनीशी संबंधित व्यक्तींविरुद्ध २०१४ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी असलेल्या १९९९ च्या राज्य कायद्याचा आधार घेण्यात आला. सल्ला देणे आणि लोकांचा पैसा स्वतःकडे ठेवणे ही दोन कामे वेगळी का असावीत, हे त्यातून ध्यानात येते.

म्हणून सल्लागाराचा ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत पडताळावा आणि त्याला केवळ त्याचे शुल्क, तेही रोखीने नव्हे, द्यावे. गुंतवणुकीची रक्कम मात्र थेट बँकेच्या, टपाल खात्याच्या किंवा फंडाच्याच नावे जावी.