विश्लेषण : कडाक्याच्या थंडीत कोंबड्यांचे तुरे काळे का पडतात? खुराडे बंद करणे का अंगलट येते?

अमेरिकेतील मिनेसोटा, नॉर्थ डकोटा किंवा कॅनडातील क्यूबेक, मॅनिटोबा या भागांत जानेवारीच्या रात्री पारा उणे २० अंश सेल्सिअसखाली जाणे नवे नाही. २०२०च्या टाळेबंदीत तिथे परसात चार-सहा कोंबड्या पाळण्याची हौस वाढली. या नवख्या पाळणाऱ्यांची पहिल्या हिवाळ्यातली हमखास चूक म्हणजे ऊब राहावी म्हणून खुराड्याची फट न् फट बुजवणे. आणि नेमक्या अशाच खुराड्यात सकाळी तुऱ्यांची टोके काळवंडलेली दिसतात.

हिमदंश कुठे होतो?

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते. पिसे फुगवून ती हवेचा उबदार थर अंगाभोवती धरून ठेवते. त्यामुळे जागा कोरडी असेल आणि वारा अंगावर येत नसेल, तर धडधाकट कोंबडी बरीच थंडी सोसते. उघडे राहतात ते तुरा, चोचीखाली लोंबणारे कल्ले आणि पाय. गारठा वाढला की शरीर या भागांचा रक्तपुरवठा आखडते. मग तिथल्या पेशींतील पाणी गोठते. कातडी आधी फिकट पडते, नंतर सुजते, फोड येतात आणि शेवटी टोक काळे होऊन गळते. लेगहॉर्नसारख्या मोठ्या तुऱ्याच्या जातींना, त्यातही नरांना, धोका जास्त.

खुराडे बंद केले तर बिघडते काय?

खरा शत्रू ओलावा. कोंबड्यांच्या श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडते. त्यांच्या विष्ठेत जवळपास तीन चतुर्थांश पाणी असते. दारे-खिडक्या बंद असतील तर ही वाफ छताला लागून थिजते, तुऱ्यावर बसते आणि ओली कातडी कोरडीपेक्षा लवकर गोठते. भरीला विष्ठेतून सुटणारा अमोनिया डोळे आणि फुप्फुसे बिघडवतो. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी दिसली, की हवा कोंडते आहे हे ओळखावे. उपाय सोपा, पण मनाला पटायला अवघड. बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्याच्या बऱ्याच वर, छताजवळ झरोके हिवाळाभर उघडे ठेवायचे. वारा थेट अंगावर येऊ द्यायचा नाही. हे शहाणपण काही आजचे नाही, अमेरिकेत डॉ. प्रिन्स वुड्स यांनी मोकळ्या हवेच्या खुराड्यांवर १९१२ मध्ये अख्खे पुस्तकच लिहिले होते.

दिवा लावावा का?

शक्यतो नको. २५० वॉटचा तापदिवा, खाली सुका भुसा, हवेत पिसांची धूळ, म्हणजे आगीला आमंत्रणच. शिवाय मध्यरात्री वीज गेली, तर उबेला सरावलेल्या कोंबड्या एकदम गारठ्यात सापडतात. त्यापेक्षा बसायची दांडी रुंद आणि सपाट ठेवावी. त्यावर कोंबडी बोटांवर पोट टेकवून बसते आणि पाय पिसांखाली झाकले जातात. कल्ले बुडणार नाहीत असे अरुंद तोंडाचे पाण्याचे भांडे घ्यावे. तुऱ्याला व्हॅसलीन लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र हवा दमट असेल तर त्यावर विसंबू नये.

झालाच तर?

चोळू नये. शेकोटी किंवा केस सुकवण्याचे यंत्र तर मुळीच नको. पाय गोठले असतील तर कोमट पाण्यात हळूहळू ऊब द्यावी, कोरडे करावे आणि पुन्हा गारठ्यात सोडू नये. काळे टोक कापू नये. ते खालच्या कातडीचे रक्षण करते. सूज किंवा दुर्गंधी दिसली तर पशुवैद्य गाठावा.

क्यूबेकमधील ओका इथल्या मठातील ब्रदर विल्फ्रिड शातेलँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळाच मार्ग काढला. त्यांनी संकरातून ‘शांतक्लेर’ ही जात घडवली. तुरा उशीसारखा बसका, कल्ले नावालाच. गोठायला फारसे काही शिल्लकच ठेवले नाही!

महाराष्ट्राला यातून काय घेता येईल?

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला तरी कोंबडीला हिमदंश होत नाही. चूक मात्र तीच घडते. थंडी पडली की शेडला गोणपाट किंवा प्लास्टिकचे पडदे वरपासून खालपर्यंत गच्च लावले जातात आणि सकाळी आत अमोनियाने डोळे चुरचुरतात. लहान पिलांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब द्यावीच लागते, पण ती ब्रूडरखाली. पडदा खालून पक्का बांधावा आणि वर छताजवळ हातभर जागा मोकळी सोडावी.