आपल्या गल्लीचा नकाशा आपणच काढूया

वस्तीचे नकाशे बरेच निघतात. माणसे येतात, फीत लावून झोपड्या मोजतात, दारावर नंबर टाकतात आणि जातात. त्या कागदावर घरे असतात, गल्ल्या असतात. पण नळाला पहिली दहा मिनिटे गढूळ पाणी येते किंवा दुपारी पत्र्याखाली बाळाचे अंग घामोळ्यांनी भरते, हे त्यात कुठेच नसते. ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही बायकांना आणि शाळेतल्या मुलांना आणखी एक नकाशा काढायला सांगतो. तो डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांनी काढायचा.

जुन्या कॅलेंडरची मागची बाजू पुरते. त्यावर गल्ल्या, नळ, गटार, संडास, कचऱ्याची जागा, अंगणवाडी, विहार काढा. मग तीन वेळा फिरा: पाणी येते तेव्हा, भर दुपारी आणि रात्री दहानंतर. जे जाणवेल त्याची खूण करा आणि शेजारी तारीख व वेळ लिहा.

डोळे : साठलेले पाणी शोधा. डेंगी पसरवणारी डासाची मादी स्वच्छ पाण्याच्या भांड्यात अंडी घालते आणि दिवसा चावते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासा आणि कोरडे होऊ द्या. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.

कान : आपल्या भिंती पातळ, शेजारचा खोकला ऐकू येतो. दोन आठवड्यांहून अधिक चाललेला खोकला म्हणजे बेडक्याची तपासणी हवीच. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. नकाशावर मात्र कुणाचे नाव किंवा घर नंबर टाकू नका, फक्त गल्ली दाखवा. आजार्‍याला बोट दाखवायला हा नकाशा नाही. आवाजाचीही खूण करा. राहत्या भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे.

नाक : जळता कचरा, तुंबलेले गटार, नळाच्या पाण्याला येणारा वास टिपा. घरात गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालू-बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 वर फोन करा.

जीभ : शंका असलेले पाणी चाखून बघायचे नाही. चवीत बदल झाल्याचे ज्यांना आधीच जाणवले त्यांना विचारून खूण करा. गोड लागणाऱ्या, नितळ पाण्यातही काविळीचे विषाणू असू शकतात. आरोग्य कर्मचाऱ्याला पाण्यातील क्लोरीन तपासायला सांगा. तोवर पाणी खळखळून उकळून प्या.

त्वचा : कुठे वारा लागतो, कुठे भिंतीला ओल आहे, कुठल्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही? क्षयाचे जंतू कोंदट खोलीत बराच वेळ हवेत राहतात. खोकल्याची आणि कोंदट जागेची खूण जवळजवळ आली, तर आधी तिथे जा.

आता सगळ्या खुणा एकत्र बघा. एका वस्तीत तीन घरांत कावीळ झाली. ज्याचे त्याने बाहेरच्या खाण्यावर ढकलले. नकाशा काढला तेव्हा पाण्याला वास येण्याच्या खुणा त्याच ओळीत निघाल्या, आणि त्या ओळीची जलवाहिनी गटारातून गेलेली होती. पाणी दिवसभर नसते. वाहिनी रिकामी झाली की फटीतून गटाराचे पाणी आत शिरते आणि नळ सुरू झाल्यावर तेच आधी घरात येते. तारीख लिहायची ती याचसाठी. दूषित पाणी पोटात गेल्यानंतर कावीळ दिसायला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर वास आल्याचा दिवस कुणाला आठवत नाही. आणि ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते.

ही युक्ती जुनी आहे. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. दुर्गंधीमुळे रोग होतो, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर विचारपूस केली. मृत्यू एका हातपंपाभोवती जमलेले दिसले, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे त्यांनी ते मृत्यू नकाशावरही मांडले. यातून एक गोष्ट ध्यानात ठेवू. नाक कुठे बघायचे ते सांगते. रोग कोणता, ते तपासणीच सांगते.

नकाशा तयार झाला की त्याची प्रत जोडून वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. “पाणी खराब येते” एवढेच लिहिले तर अर्ज फायलीत पडून राहतो. “अमुक गल्ली, अमुक तारखा, सकाळी सहा ते सव्वासहा वास येतो, वाहिनी गटारातून गेली आहे” असे लिहिले की माणूस पाठवणे टाळता येत नाही. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मूळ नकाशा विहाराच्या भिंतीवर लावा. दुरुस्ती झाली की ती खूण खोडा आणि पावसाळ्याआधी पुन्हा एक फेरी मारा.