वाटेवरचा मुक्काम

लांबच्या प्रवासांत दिवस कसाहि निघून जातो. खरी परीक्षा सायंकाळीं सुरू होते. मुलें पेंगूं लागतात, बरोबरचें पाणी संपत येतें, आणि वडील माणसांच्या मनांत एकच प्रश्न घोळूं लागतो, कीं आज रात्रीं पाठ टेकावयाची कोठें? धर्मशाळा, देऊळ किंवा आप्तांचें घर हीं आपल्याकडील त्या प्रश्नाचीं जुनीं उत्तरें होत. परंतु अमेरिकेंत मोटारगाडी सामान्य कुटुंबांच्या दारीं आली, तेव्हां हा प्रश्न कसा सुटला, आणि कोणाच्या बाबतींत तो दीर्घकाळ सुटलाच नाहीं, ती हकीकत विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि जाणण्यासारखी आहे.

आगगाडीच्या काळांत तेथील हॉटेलें बहुधा शहराच्या मध्यभागीं, स्टेशनाच्या आसपास असत. कारण उतारू उतरे तो स्टेशनावर. मोटार आली आणि तो कोठेंहि उतरूं लागला. दिवसभर धूळ खाल्लेलें कुटुंब, चुरगळलेले कपडे, दोरीनें बांधलेलें सामान. अशा अवस्थेंत हॉटेलाच्या झगझगीत दिवाणखान्यांतून जाण्यास लोक संकोचत. शिवाय गाडी ठेवण्याचीहि अडचण. म्हणून १९२० नंतर पुष्कळ कुटुंबें रस्त्याच्या कडेस तंबू ठोकीत. तंबूंच्या जागीं हळूहळू लाकडी खोपटें आलीं. पुढें १९२५ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन लुइस ओबिस्पो येथें आर्थर हाइनमन नांवाच्या शिल्पज्ञानें ‘मोटर’ व ‘हॉटेल’ हे शब्द जोडून ‘मोटेल’ हें नांव आपल्या उतारशाळेस दिलें. मोटेलाची रचना साधी असे: खोल्या एका रांगेंत, प्रत्येकीचें दार उघड्यावर, आणि दारासमोर गाडी.

सोय झाली, पण तिच्याबरोबर एक खोडहि आली. रोजच्या वाण्यानें एकदां खडे मिसळलेले तांदूळ दिले, तर दुसऱ्या दिवशीं आपण त्याच्या दुकानीं जाऊन भांडतों; त्या भीतीनें तो जपून असतो. वाटसरूचें तसें नाहीं. तो सकाळीं निघून जाणार आणि पुन्हा बहुधा दिसणार नाहीं, हें मालकास पक्कें ठाऊक! तेव्हां चादरी धुतलेल्या असोत वा नसोत, भाडें मात्र पुरतें घ्यावयाचें.

१९५१ च्या उन्हाळ्यांत मेम्फिस येथील केमन्स विल्सन हे गृहस्थ पत्नी व पांच मुलें घेऊन मोटारीनें वॉशिंग्टनकडे निघाले. घरें बांधणें हा त्यांचा व्यवसाय. वाटेंतील मुक्कामांवर दर मुलामागें दोन डॉलर जास्त मागत. मुलें निजणार आईबापांच्याच खोलींत, आणि दहा डॉलर भुर्दंड! विल्सन संतापले, परंतु नुसते संतापून राहिले नाहींत. त्यांनीं वाटेंतील खोल्या मापून पाहिल्या, आणि १९५२ सालीं मेम्फिस येथें स्वतःचेंच मोटेल उघडलें. ‘हॉलिडे इन’ हें नांव १९४२ सालच्या एका चित्रपटाचें. नकाशे काढणाऱ्यानें तें थट्टेनें कागदावर लिहिलें आणि तेंच कायम झालें. आईबापांच्या खोलींत निजणाऱ्या मुलांस तेथें भाडें नसे. पुढें गांवोगांव तींच खोली, तीच सोय आणि तीच मोठी पाटी उभी राहिली. एका गांवीं चादर मळकी निघाली, तर प्रवासी दुसऱ्या गांवींहि ती पाटी टाळणार. म्हणजे अनोळखी वाटसरूच्या नाराजीची भीति मालकास पुन्हा वाटूं लागली. माझ्या मतें विल्सन ह्यांची खरी युक्ति पोहण्याच्या तलावांत किंवा थंड हवेच्या यंत्रांत नव्हती, ती ह्या पाटींत होती. १९६८ पर्यंत अशा पाट्या हजारावर गेल्या.

परंतु पैसे खिशांत असूनहि ज्यांस खोली मिळत नसे, अशीं कुटुंबें त्याच रस्त्यांवर होतीं. कृष्णवर्णीय प्रवाशांस अनेक मोटेलें दारांतूनच परत लावीत. अशीं कुटुंबें शिजविलेलें अन्न व पांघरुणें बरोबर घेऊन निघत, आणि प्रसंगीं रात्र गाडींतच काढीत. न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तींत राहणारे टपालवाले व्हिक्टर ग्रीन ह्यांनीं १९३६ सालीं ‘ग्रीन बुक’ काढलें. अशा प्रवाशांस कोठें थारा मिळेल त्या जागांची ती यादी होती. ह्या पुस्तकाची गरजच उरूं नये, अशी इच्छा ते स्वतःच त्यांत व्यक्त करीत.

हें वाचून कोणी दूरदेशास नांवें ठेवूं नयेत. १९०१ सालीं बाल भीमराव आंबेडकर आपला भाऊ व दोन भाचे ह्यांच्यासह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगांवीं निघाले. मसूर स्टेशनावर उतरल्यावर दुप्पट भाडें देऊं केलें तेव्हां बैलगाडी मिळाली, आणि तीहि मुलांनींच हांकावयाची होती. रात्रीं टोलनाक्यापाशीं मुक्काम पडला. शिदोरी होती, पण अस्पृश्य म्हणून पाणी कोणी देईना. मुलें उपाशीं निजलीं. पुढें त्यांनीं हें स्वतः लिहून ठेविलें आहे.

अमेरिकेंत १९६३ च्या ऑगस्टमध्यें डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनीं वॉशिंग्टन येथील प्रसिद्ध भाषणांत ह्या थकलेल्या प्रवाशांचा मुद्दाम उल्लेख केला. २ जुलै १९६४ रोजीं नागरी हक्कांचा कायदा झाला. अटलांटा शहरांतील एका २१६ खोल्यांच्या मोटेलाच्या मालकानें त्यास आव्हान दिलें. परंतु वाटसरूंची अडवणूक ही राज्याराज्यांमधील व्यापाराचीच अडवणूक होय, ह्या तत्त्वावर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें कायदा उचलून धरला. ग्रीन ह्यांच्या पुस्तकाची शेवटची आवृत्ति १९६६-६७ ची. ती पाहण्यास ग्रीन मात्र हयात नव्हते.